तिसरा पुकारा

वकीलकाका कुठेही बसले तरी दोन चहा सांगायचे. एक स्वतः प्यायचे आणि दुसरा समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवायचे. पहिल्यांदा आमच्या ऑफिसात आले तेव्हा मला वाटलं, मागून कोणी येणार असेल. म्हणून मी त्या कपावर बशी झाकली. ते म्हणाले, "झाकू नका बाई. सामनेवाल्याचा आहे."

कोण सामनेवाला? तर ज्या जमिनीचे कागद ते तपासायला घेत, तिच्यावर उद्या कोणी हक्क सांगायला आलं तर तो. "तो इथं नाही म्हणून त्याला चहासुद्धा विचारायचा नाही का?" एवढं बोलून त्यांनी आपला कप बशीत ओतला आणि निवांत फुरका मारला. सामनेवाल्याच्या चहावर साय धरली, तिच्यावर माशी बसली. शेवटी आमच्या ऑफिसातल्या मावशींनी तो मोरीत ओतला. मावशींना हा प्रकार मुळीच आवडला नाही. "रिकाम्या जागेपुढं मांडून ठेवायचं, ते आपण कधी करतो, सांगा बरं," त्या मला नंतर म्हणाल्या. मी ती खुर्ची उचलून भिंतीला लावली.

मी तेव्हा अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटमध्ये होते. डिपार्टमेंट म्हणायचं आपलं. होतो आम्ही दोघंच, मी आणि माझे साहेब. साहेब आठवड्यातले चार दिवस मुंबईच्या ऑफिसात, म्हणजे उरले मी. काम मात्र दहा माणसांचं. त्यामुळे बाहेरचे वकील घ्यायची पद्धत पडली होती. नोकरीवर नाही, कामापुरते. एक मुलगी घरबसल्या करार तपासून द्यायची, एकजण कोर्टात जाऊन तारखा घ्यायचा, आणि जमिनीचे टायटल शोधायला हे. टायटल शोधणं म्हणजे जमिनीची कुंडलीच काढणं. जुने सातबारा, फेरफार, वारसनोंदी उकरायच्या आणि कंपनीला सांगायचं की, ही जमीन विकणाऱ्याचीच आहे, मध्ये कोणाचा हक्क राहून गेलेला नाही.

त्यांनी रिपोर्ट मेलवर पाठवायचा, मी तो कंपनीच्या लेटरहेडवर चढवायचा आणि खाली माझी सही करायची. त्यांचं नाव कागदावर कुठंच यायचं नाही. मी एकदा विचारलं, "काका, तुम्हाला याचं काही वाटत नाही?"

"घोडा वरातीपुरता असतो बाई. त्याचं नाव पत्रिकेत घालतात का?" मग थोडं थांबून म्हणाले, "पण नवरदेव पडला तर घोड्याचंच नाव निघतं."

हे सगळं ते इतक्या हळू बोलायचे की, ऐकायला पुढं वाकावं लागे. उंच, किडकिडीत माणूस. काळा कोट घातलेला मी कधी पाहिला नाही, तो कायम पिशवीत. फोनवर तर त्यांचं बोलणं म्हणजे नुसता वारा. एकदा वैतागून मी म्हटलं, "जरा मोठ्यानं बोला ना!" तर म्हणाले, "आवाज राखून ठेवलाय."

कशासाठी राखून ठेवला होता ते पुढं कळलं.

वकील व्हायच्या आधी ते कोर्टात पट्टेवाले होते. नोकरी करून संध्याकाळच्या कॉलेजात वकिली शिकले. कोर्टात त्यांचं काम पुकाऱ्याचं. न्यायाधीशांनी खूण केली की दारात उभं राहून पक्षकाराचं नाव तीनदा पुकारायचं. तीन हाकांत माणूस आला नाही तर तो गैरहजर, आणि निकाल एकतर्फी. एके दिवशी जेवणाची सुट्टी तोंडावर आली होती आणि यांना भूक लागली होती. एका भाडेकरूचं नाव त्यांनी दोनदा पुकारलं आणि आत येऊन सांगून टाकलं, "हजर नाही, साहेब." डबा उघडायला बाहेर आले तर तो माणूस जिन्याच्या शेवटच्या पायरीवर, एका हातानं कठडा धरून उभा. दम्याचा पेशंट. म्हणाला, "मी जिन्यातच होतो हो. तिसऱ्या हाकेला पोचलो असतो." त्याची खोली गेली.

ही गोष्ट त्यांनी मला तीन-चारदा सांगितली असेल. दर वेळी शेवट एकच: "तिसरी हाक आपली नसते बाई. ती त्याची असते. आपण फक्त मारायची."

हे मनाला लागलेलं शल्य म्हणावं, तर त्याचं त्यांनी पुढं जे केलं ते मात्र वेगळंच होतं. टायटलचं काम कोणी दिलं की कागद तपासून झाल्यावर ते त्या जमिनीवर जायचे. बरोबर बारा वाजता. फेरफारात सापडलेल्या सगळ्या मालकांची आणि वारसांची नावं एका कागदावर लिहिलेली. बांधावर उभं राहून ते एकेक नाव तीनदा पुकारायचे. त्यातली बहुतेक माणसं मरून पन्नास-पन्नास वर्षं झालेली. तीन हाका झाल्या की घड्याळात बघून मिनिटभर थांबायचे आणि नावापुढं लिहायचे, 'पुकारा केला, गैरहजर.' मगच रिपोर्ट.

मी सुरुवातीला हसायचे. घरी नवऱ्याला त्यांची नक्कल करून दाखवायचे. अशा माणसाला काम देत राहण्याचं कारण साधं होतं: त्यांनी पास केलेल्या जमिनीवर कधी कोणी दावा लावला नाही. साहेब म्हणायचे, "नाचून करू दे नाहीतर ओरडून, रिपोर्ट पक्का असतो ना?"

मग बदलापूरच्या पलीकडची ती जमीन आली. कंपनीला गोदाम बांधायचं होतं आणि साहेबांना ते मार्चच्या आत हवं होतं. विकणारा चाळिशीचा माणूस, मूळ गावचाच, आता जमिनींच्या दलालीत पडलेला. भाऊ म्हणायचे त्याला. त्याचे आजोबा पदू, पदूला दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलग्यांची नावं चढली होती, मुलीच्या नावापुढं तलाठ्यानं लिहिलं होतं: 'गोमी पदू, मयत, वारस नाही.'

"दाखला?" आमच्या वकिलांनी विचारलं.

"कसला दाखला, वकीलसायब? माजी आत्याच ती. पोरगी असतानाच गेली. तवा कोन दाखले काढतं होतं?"

"बरं," ते म्हणाले. आणि जागेवर जायला दिवस ठरवला तो सर्वपित्री अमावास्येचा.

भाऊ चरकलेच. पितृपंधरवड्यात जमिनीचं बोलणंसुद्धा कोणी काढत नाही. मी त्यांना म्हटलं, "काका, नवरात्रात जाऊ या ना."

"नाही. याच दिवसांत गेलेलं बरं. या पंधरवड्यात सगळे मालक घरी असतात."

साहेबांची घाई होती म्हणून त्या दिवशी मीही गेले. अंबरनाथहून रिक्षा केली. रस्ता संपला तिथे रिक्षावाल्याला थांबवून आम्ही तिघं चालत निघालो. पाऊस सरलेला, गवत कमरेएवढं, ऊन असं की डोकं उठावं. मधोमध एक चिंच. आसपास घर नाही, गुरं नाहीत, आणि गुरं नाहीत म्हणून गुराखीही नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर सगळ्यांनी मला तेच विचारलं.

बारा वाजले. त्यांनी पिशवीतून काळा कोट काढून घातला, कागद उघडला आणि पहिलं नाव पुकारलं. मी अक्षरशः दचकले. त्या काडीसारख्या देहातून एवढा आवाज निघेल असं वाटलंच नव्हतं. 'पदू रामाऽऽ, हाजिर होऽऽ!' तीनदा. मिनिटभर शांतता. ते लिहितात, पुढचं नाव. पदूचे दोन्ही मुलगे झाले. भाऊ आपल्या बापाचं नाव असं उघड्या रानात पुकारलेलं ऐकून मान खाली घालून उभे होते. मला आता ते हसण्यासारखं वाटत नव्हतं. चिंचेवर मघापासून पाखरं कलकलत होती, ती कधी गप्प झाली ते लक्षात आलं नाही.

"गोमी पदूऽऽ, हाजिर होऽऽ!"

काही नाही.

"गोमी पदूऽऽ, हाजिर होऽऽ!"

गवत हललं, पण तो वारा असेल.

"गोमी पदूऽऽ, हाजिर होऽऽ!"

"ओ."

बाईचा आवाज. लांबून आलेला नव्हता. स्वयंपाकघरातून एखादी बाई हातातलं काम न सोडता ओ देते ना, तसा. चिंचेच्या अलीकडून, आमच्यापासून दहा पावलांवरून. तिथं गवताशिवाय काही नव्हतं. भाऊंचा चेहरा पांढराफटक पडला. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे, आणि आम्ही दोघांनीही एकदमच नजर चुकवली. वकीलकाका मात्र शांतपणे लिहीत होते. मग त्यांनी कोट काढला, घडी घातली आणि म्हणाले, "चला. झालं काम."

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. नेहमीसारखा नेटका. शेवटी नावांची यादी आणि तिच्यात एक ओळ: 'गोमी पदू. पुकारा केला असता हजर. सबब सदर वारसाचा शोध घेतल्याशिवाय व्यवहार करू नये.'

साहेबांनी ती फोनवर वाचली आणि मला म्हणाले, "हा टायटल रिपोर्ट आहे का भुताची गोष्ट? काढा ती ओळ."

"सर, दाखला नाहीये तिच्या मृत्यूचा. त्यांचं म्हणणं—"

"त्यांचं म्हणणं कोणी विचारलंय? फ्रीलान्सर आहे तो. रिपोर्ट आपला आहे. सही कोणाची असते?"

सही माझी असायची. नोकरी घरापासून दहा मिनिटांवर होती, मुलगी दहावीला होती, आणि असं काम मला अंबरनाथच्या आसपास पुन्हा मिळणार नव्हतं. ही कारणं मी तेव्हाही स्वतःला सांगितली होती, आत्ताही सांगतेय. खरं एवढंच की, मी ती ओळ काढली. काँप्युटरवर किती वेळ लागतो? दोन सेकंद. तिच्या जागी टाइप केलं, 'मयत, वारस नाही,' आणि सही केली.

ते आले तेव्हा छापील रिपोर्ट माझ्या टेबलावर होता. उभ्या उभ्या त्यांनी शेवटचं पान वाचलं. मावशींनी सवयीनं दोन चहा आणले. मी काहीतरी सारवासारव करायला लागले, तर त्यांनी हात वर केला.

"मी तिला हजर लिहिलं, तुम्ही गैरहजर केलंत. असू द्या. रिपोर्ट तुमचा आहे." त्यांच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. मग रिकाम्या खुर्चीपुढचा कप त्यांनी उचलला आणि माझ्यापुढं ठेवला. "आता हा तुमचा."

त्यानंतर ते आमच्याकडे आले नाहीत. मी फोन केले, ते वाजत राहायचे. तो चहा मी प्यायले नाही हे सांगायला नकोच.

गोदाम झालं. चिंच तोडली. मी त्या बाजूला कधी फिरकले नाही. पण एक खोड मात्र लागली. ऑफिसात एकटी असले तरी मी मावशींना दोन चहा सांगायला लागले. मावशी आणून ठेवायच्या, पण माझ्याकडे बघायच्या नाहीत.

असाच एकदा दुसरा कप समोर निवत होता आणि गेटवरून फोन आला की, एक म्हातारी ऐकतच नाहीये, लीगलवाल्यांना भेटायचंय म्हणते. आत आली ती सत्तरीची बाई. नऊवारी गुडघ्यापर्यंत, हातात प्लॅस्टिकची पिशवी. समोरच्या खुर्चीत बसली, कपाकडे बघून म्हणाली, "माजा काय?" आणि माझ्या उत्तराची वाट न बघता बशीत ओतून प्यायली. पिऊन झाल्यावर पिशवीतून आधार कार्ड काढून माझ्यापुढं सरकवलं.

"मी गोमी. मी मेली नाय, बाई."

मी कार्ड हातात घेतलं. तीच बोलत राहिली. परजातीतल्या माणसाशी लग्न केलं म्हणून बापानं आणि भावांनी तिच्या नावानं आंघोळ केली होती. ती विठ्ठलवाडीच्या एका चाळीत राहिली, तिथंच म्हातारी झाली. नवरा गेला, मूल झालं नाही. भावाच्या पोरानं जमीन विकली हे तिला नुकतंच कोणाकडून तरी कळलं होतं.

"एवढी वर्सं कंदी गेली नाय मी थय. नकोच बोल्ली, त्यांचा त्यांना लखलाभ. पन तवा मना कोनी हाक मारली."

"कधी?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"सर्वपित्रीला. दुपारची. आईबापाच्या नावाचा पान वाडून गॅलरीत ठेवला नि कावल्याची वाट बघत व्हती. तर मना हाक आली. गोमी पदू! बापाच्या नावानशी! लगीन झाल्यापून मना त्या नावानी कोनी हाक मारली नाय बाई. दोनदा आयकला, मना वाटला भास हाय. तिसऱ्यांदा मी ओ दिली." तिनं बशी पालथी घातली. "गॅलरीत कोन नव्हता. पन हाक मारनारा मानूस व्हता. पुरुसाचा आवाज, भारी. तवापून मना वाटतंय, कोनतरी माजी वाट बघतंय."

ती गेल्यावर मी रजा टाकली आणि उल्हासनगर कॅम्प पाच गाठला. वकीलकाकांच्या ऑफिसचा पत्ता माझ्याकडे होता, पण जायची वेळ कधी आली नव्हती. एक शटर, बाजूला चेन-बटणांचं दुकान. शटर बंद होतं. दुकानातल्या सिंधी काकांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"वकील साईं तो गये, मॅडम. होलीच्या नंतर. नींद में ही." मग गल्ल्याखालून एक पाकीट काढलं. "कंपनीची मॅडम येणार, बोलला होता. मी बोलला, मॅडम का नाम क्या? तो उपर लिख के दिया."

पाकिटावर माझं नाव होतं, लग्नाआधीचं. माझं, माझ्या वडिलांचं आणि माहेरचं आडनाव. त्यांना मी ते कधी सांगितलेलं नव्हतं. कंपनीच्या कागदांवरही नाही. पण सगळ्या गावाचे वारस शोधणाऱ्याला ते शोधणं काय कठीण, अशी मी समजूत घातली. आत त्यांचा मूळ रिपोर्ट होता, त्यांच्या सहीचा. त्यांची सही मी प्रथमच पाहत होते.

मी तो कागद पाकिटासकट गोमीबाईच्या वकिलाच्या हातात दिला. तिनं दावा लावला होता: मी जिवंत आहे असं ठरवा, आणि बापाच्या जमिनीतला माझा वाटा द्या. वकील तरुण होता, घाईतला. साक्षीदारांच्या यादीत त्यानं माझं नाव पाकिटावर होतं तसंच उतरवलं.

साक्षीच्या दिवशी सकाळी साहेबांचा फोन आला. अगदी गोड आवाज. "तुम्ही यायची गरज नाही. समन्स आडनावाच्या घोळात मिळालंच नाही म्हणा. तुम्ही आला नाहीत की त्यांचा पुरावा बंद. विषय संपला. मग सोमवारी ऑफिसात बसून तुमच्या प्रमोशनचं बोलू."

मी कोर्टात गेले, पण वर गेले नाही. जिन्याच्या मधल्या वळणावर उभी राहिले. खरं सांगते, परत फिरायचा विचार माझ्या मनात येत नव्हता असं नाही. फक्त तोच येत होता. वर व्हरांड्यात साहेब कंपनीच्या वकिलाशी हसून बोलत होते, त्यांचा आवाज खाली येत होता. गोमीबाई बाकावर एकटी बसलेली, तिची पावलं तेवढी मला दिसत होती.

आतून पट्टेवाली बाहेर आली. कोवळी मुलगी, बारीक आवाजाची. तिनं माझं नाव पुकारलं, वडिलांच्या नावासकट. वडील गेल्यापासून ते नाव मी ऐकलं नव्हतं. तिनं दुसऱ्यांदा पुकारलं. मी कठडा घट्ट धरला. आता आणखी एकदा पुकारेल आणि आत जाईल. तेवढं एक सोसलं की नोकरी, दहा मिनिटांचं घर, सगळं शाबूत. मी डोळे मिटले.

तिसरा पुकारा झाला. इतका मोठा की कठडा माझ्या हाताखाली थरथरला. 'हाजिर होऽऽ!'

"ओ," मी म्हणाले. म्हणाले म्हणजे, माझ्या तोंडून गेलं. आणि मी पायऱ्या चढायला लागले.

वर पोचले तेव्हा पट्टेवाली दारात पाठमोरी झालेली होती. माझा आवाज ऐकून वळली आणि हसली. "बरं झालं मॅडम, आलात. दोनदा पुकारून मी आतच चालले होते. जजसाहेबांना जेवायला उठायचंय, तिसऱ्यांदा म्हटलं राहू दे."

मी मागं जिन्यात बघितलं. तिथं कोणी नव्हतं. साहेब अजूनही बोलत होते, त्यांनी मानसुद्धा वळवली नव्हती. गोमीबाई मात्र बाकावरून अर्धवट उठून जिन्याकडे बघत उभी होती. तिनं माझा हात धरला. तिचा हात गार पडला होता.

"तोच हाय," ती म्हणाली. "आवाज तोच हाय, बाई."

मी आत गेले. शपथ घेतली. मग वकिलानं काकांचा रिपोर्ट माझ्या हातात दिला, आणि मी पुसून टाकलेली ओळ सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली: गोमी पदू. पुकारा केला असता हजर.